आजीचे माप घेतले का?

मागच्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेलो, तर पायरीवर एक विशीतला मुलगा बसलेला. डाव्या हाताच्या अंगठ्याला पंचा गुंडाळलेला आणि पंचा रक्ताने भिजलेला. आत घेतले, जखम धुतली, चार टाके घातले. टाके घालताना पेशंटला बोलते ठेवावे अशी आमची जुनी रीत आहे, म्हणून विचारले, "काय करत होतास रे?"

"आजयेक काठी करून देवची होती, डॉक्टर. चतुर्थीक सगळी येतली, तेव्हा देवची म्हणून."

मला पोराचे कौतुक वाटले. म्हटले, "छान. आणि आजीचं माप घेतलंस का?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू सुंगटाच्या सारात गूळ घालतोस का, असे मी विचारले होते. काठीला कसले माप? बाजारात मिळते तेवढी लांब काठी! तो गेल्यावर माझ्या मनात आले की या आठवड्याचा लेख यावरच लिहावा. पावसाचे दिवस आहेत, शेतीची कामे उरकत आली आहेत, पडवीत करवत आणि रंधा काढून बसणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. चतुर्थीला मुंबईहून माणसे येणार, जाताना त्यांच्या हातात काही द्यायचे असते. हाताने केलेली लाकडी वस्तू यासाठी फार चांगली. पण वैद्यकीय दृष्टीने तिचा मोठा गुण कोणता म्हणाल, तर ती एका विशिष्ट माणसाच्या मापाची करता येते. दुकानातली वस्तू कुणाच्याच मापाची नसते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. वाचकहो, ते मला महागात पडलेले आहे.

२०१७ साली माझ्या आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मी एका शहरातल्या प्रदर्शनातून तिच्यासाठी शिसवीची काठी आणली. कोरीव काम, पितळी मूठ, बघणाऱ्याने बघतच राहावे. चौतीस इंच लांब. माझी आई चार फूट दहा इंच. तिला हवी होती साधारण अठ्ठावीस इंचांची. मी रोज पन्नास पेशंट तपासणारा डॉक्टर, पण आई ती काठी धरून चालताना तिचा उजवा खांदा कानाकडे जातो, हे मला सहा महिने दिसले नाही. आईही बोलली नाही. मुलाने हौसेने आणलेली वस्तू. पुढच्या आषाढात, रात्री, पडवीच्या पायरीवर ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, तीन महिने घर त्याच्याभोवती फिरत होते.

आता मी कोर्टात उभा राहिलो तर सगळा दोष काठीचा असे म्हणणार नाही. पायरी ओली होती, दिवा लावलेला नव्हता, तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला होता. म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याला सहसा एकच कारण नसते. पण तोल गेला त्या क्षणी काठीवर भार टाकायला हवा होता, आणि उंच काठीवर भार टाकताच येत नाही. कोपर इतके वाकलेले असते की हातात जोरच राहत नाही. ऑपरेशननंतर तिला चालवायला आलेल्या फिजिओथेरपीच्या मुलीने पहिल्या दिवशीच ती काठी बाजूला ठेवली आणि खिशातून टेप काढला. मी शेजारी उभा होतो. मान खाली घालून पाहत होतो.

ते माप असे घ्यायचे. ज्या माणसाला काठी द्यायची त्याला रोजच्या चपला घालून सरळ उभे करा. हात दोन्ही बाजूंना सैल सोडायला सांगा. मनगटावर, तळहाताच्या मुळाशी जी आडवी घडी असते, तिथपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. काठीची मुठीसकट उंची एवढीच. या मापाची काठी धरून उभे राहिले की कोपर थोडेसेच वाकते. चपला घालूनच मोजायचे, कारण अनवाणी माप आणि चपलेचे माप यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडतो. माणूस वाकलेला असेल तर त्याला जबरदस्तीने ताठ करू नका, तो जसा रोज उभा राहतो तसेच मोजा.

लाकूड सरळ धाग्याचे, गाठ नसलेले घ्यावे. काठी गाठीपाशीच मोडते. आमच्याकडे साग मिळतो, तो उत्तम. जाडी इंचभर पुरे. तळाला रबरी बूट बसवायचा आहे हे लक्षात ठेवून त्याच्या तळाची जाडी मापातून वजा करा. आणि सुताराचा नियम पाळा: आधी दोन इंच जास्त ठेवून, मग त्या माणसाच्या समोर, थोडे थोडे करून कापा. कापलेले पुन्हा जोडता येत नाही. चोरून करून चतुर्थीला अचानक हातात ठेवायची असेल तर ठेवा, पण शेवटचा काप त्यांच्यासमोरच मारा. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांना त्या शेवटच्या कापाचेच जास्त अप्रूप असते. आपल्यासाठी कोणी तरी दोनदा उठवून उभे केले, मोजले, हे त्यांना आवडते.

मुठीविषयी थोडे. बारीक मूठ धरायला जास्त जोर लागतो आणि संधिवाताने सुजलेल्या बोटांत तोच नसतो. म्हणून मूठ सव्वा ते दीड इंच जाडीची, कडा गोल केलेली हवी. वर गोळा असलेली काठी दिसायला रुबाबदार, पण भार टाकायला आडवी मूठ बरी. तळवा तिच्यावर सपाट टेकतो.

काठी कोणत्या हातात धरायची, हेही देताना सांगा. दहातले आठ जण चुकतात, असे मी दवाखान्यात पाहतो. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली. एवढे पाठ करून घेतले की अर्धे काम झाले.

काठी फार झाली असे वाटत असेल तर पायाखालचा पाट करा. याला तर रंधा आणि चार खिळेदेखील पुरतात. आजकाल घरोघरी आरामखुर्च्या आणि सोफे आले, पण ते आमच्या आज्यांच्या उंचीचे नाहीत. आजी सोफ्यावर बसली की तिचे पाय अधांतरी लोंबतात, सोफ्याची कडा मांडीच्या मागे रुतते आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. माप अगदी सोपे: तिला मागे टेकून बसवा आणि टाचेपासून जमिनीपर्यंतची फट मोजा. तेवढाच पाट उंच. पाय बाहेरच्या बाजूला थोडे कललेले ठेवा, म्हणजे तो कलंडत नाही. एक मात्र बजावून द्या की हा पाय ठेवायचा पाट आहे, माळ्यावरची बरणी काढायला चढायचा नव्हे. (सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, तर पाट नको, डॉक्टर हवा. हे कंसात लिहिले तरी महत्त्वाचे आहे.)

स्वयंपाकघरासाठी उलथणे किंवा डाव करायचा तर दांडा असाच जाड करा. बोटे आखडलेल्या सासूबाईंना याचा उपयोग चांदीच्या वाटीपेक्षा जास्त. पण आपल्याकडच्या पावसात लाकडी भांड्याला बुरशी धरते. वापरल्यावर लगेच धुऊन उभे करून वाळवायचे आणि चीर पडली की मोह न धरता चुलीत घालायचे.

औषधांसाठी सात खणांची पेटी कराविशी वाटते, अनेक जण करतातही. करा, पण सुट्या गोळ्या तिच्यात ओतू नका. लाकूड पावसाळ्यात ओल धरते आणि गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटतात. पट्टीसकट ठेवायच्या आणि पट्टी कापताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख असलेला तुकडा टाकून द्यायचा नाही. पेटी नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. रंगीत गोळी आणि पेपरमिंट यांतला फरक तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर खेळण्यांकडे वळू. इथे सावंतवाडी जवळ असल्याने आपल्याला लाकडी खेळण्यांचे नवल नाही. चितारआळीतली ती रंगीत आंबे, केळी, सीताफळे कोणाच्या घरात नाहीत? पांगाऱ्याचे हलके लाकूड, आणि रंगकाम असे की पाहुणा खरे फळ समजून हात घालतो. पण ती फळे शोभेची आणि मोठ्या मुलांची. आपण घरी दात येणाऱ्या बाळासाठी काही करतो तेव्हा एकच गोष्ट धरून चालायचे: ही वस्तू तोंडात जाणार. सगळीच्या सगळी जाणार.

म्हणून बाळाच्या खेळण्यावर रंग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण आपल्या माळ्यावर जे डबे असतात ते त्याच्या आधीचे! दरवाजा रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट "अजून चांगला आहे" म्हणून आपण ठेवतो आणि नातवाच्या गाडीला फासतो. जुन्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिसे भरपूर असे. लहान मुलाच्या मेंदूला शिसे बाधते, आणि अमुक इतके चालेल अशी सुरक्षित पातळी कोणाला सांगता आलेली नाही. तेव्हा लाकूड तसेच ठेवा. पॉलिश पेपरने गालावर फिरवता येईल इतके गुळगुळीत करा आणि फार तर खाण्याच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. हे तेल वाळायला बरेच दिवस लागतात, म्हणजे सुरुवात आत्ताच करायला हवी. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवा.

दुसरी गोष्ट आकाराची. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सव्वा इंचापेक्षा लहान असा एकही तुकडा नको: ना चाक, ना मणी, ना डोळा म्हणून ठोकलेले बटण. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेले मूल ज्याने एकदा पाहिले आहे त्याला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. चाक ओढून बघा, मुलाच्या नव्हे, आपल्या ताकदीने ओढून बघा. ओढायच्या गाडीची दोरी वीतभर, त्याहून लांब नको, गळ्याभोवती गुंडाळली जाते.

पांगुळगाड्याबद्दल मात्र मला पक्षपात आहे, तो कबूल करतो. तीन चाके, एक आडवा दांडा, त्याला धरून मूल स्वतःच्या पायावर उभे राहते आणि ढकलते. हल्ली मिळणाऱ्या, मूल आत बसवायच्या चाकांच्या वॉकरशी त्याची तुलना करू नका. त्या वॉकरमध्ये मूल लोंबकळत वेगाने फिरते, आणि पायऱ्यांवरून कोसळण्याचे इतके प्रकार घडले की कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्याचेही माप आहे: दांडा बाळाच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली यावा. नवा गाडा फार सुळकन पळतो. त्याच्या तळाशी वाळूची छोटी पिशवी घट्ट बांधली की पळ कमी होतो. आणि गाडा कसाही असला तरी पायरीकडची बाजू बंद हवी आणि मागे माणूस हवे.

लाकूड कोणते घ्यावे? मुलांसाठी शिवण, फणस, चांगला वाळलेला आंबा. ओल्या आंब्याच्या आणि काजूच्या चिकाने अंगावर उठते हे आपल्या लोकांना मी सांगायला नको, बिब्ब्याचे तर नावच नको. साग आणि शिसव यांच्या भुशानेही काहींना खाज सुटते. मालाच्या खोक्यांची फळकुटे फुकट मिळतात म्हणून वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. इंग्रजी एम-बी अशी अक्षरे असतील तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे, ते खेळण्याला वापरू नका. एच-टी असेल तर ते नुसते तापवून कीड मारलेले असते.

आता त्या अंगठ्याकडे परत येतो, कारण भेटवस्तू देणाराही शाबूत राहिला पाहिजे. त्या मुलाने लाकूड डाव्या हातात धरून उजव्या हाताने करवत चालवली होती. लाकूड हाताने धरायचेच नसते. ते शिकंज्यात किंवा निदान बाकाला बांधून धरायचे. दुसरे, आणि हे मी हात जोडून सांगतो, लोखंड घासायच्या ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पान लावू नका. ते पान लाकडात अडकून उसळते आणि माणसाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. हाताच्या करवतीची जखम मी दवाखान्यात शिवतो. ग्राइंडरच्या जखमेला मी फक्त पट्टी बांधतो आणि गाडी बांबोळीला पाठवतो.

कापले तर स्वच्छ फडके ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून "थांबलं का" बघायचे नाही. हळद, कॉफी, चुना यांतले काही भरू नका, मला ते सगळे पुन्हा धुऊन काढावे लागते आणि तुम्हाला तेव्हा जास्त दुखते. बोट तुटून वेगळे झालेच, तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे म्हणाल तर प्रत्येक ओरखड्याला ते लागत नाही. लहानपणीचे सगळे डोस झाले असतील तर लहान स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसापासून दहा वर्षे आणि मातीच्या किंवा खोल जखमेला पाच वर्षे होऊन गेली असतील तर घ्यायचे. तारीख आठवत नसेल तर येऊन विचारा. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी लहान जखमही दाखवावी.

खिळा ठोकताना डोळ्यात काही उडाल्यासारखे वाटले आणि मग दुखायचे थांबले, तर खूश होऊ नका. लोखंडाचा बारीक कण डोळ्याच्या आत शिरला की कधी कधी फारसे दुखतही नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, चोळू नका. आणि भुसा! लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली जाहीर केले. ते वर्षानुवर्षे कारखान्यात राबणाऱ्यांबद्दल आहे, पडवीत एक पाट करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण दमेकऱ्याला एका दुपारचा भुसाही पुरतो. २०२० च्या कोरोनातले एन-९५ मास्क कपाटात उरले असतील तर ते इथे वापरा. भुसा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

आणि ज्यांना द्यायची आहे त्यांनाच कामाला लावता येते, हेही पाहा. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटला, निवृत्त शिक्षकांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू परत येत होता, पण चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला की ते चिडत. त्यांच्या मुलाने एका फळीवर नातवासाठी बैल आखून कापून दिला आणि पॉलिश पेपर गुंडाळलेला ठोकळा त्यांच्या दोन्ही हातांत धरवला. पुढे-मागे, पुढे-मागे. खांदा, कोपर, मनगट, तिन्हींचा व्यायाम. व्यवसायोपचार करणारे लोक अशी घासायची फळी वापरतातच. गुरुजींनी तो बैल दीड महिना घासला. शिंगे पार गेली. आता तो म्हैस की डुक्कर हे सांगता येत नाही, पण नातू त्याला घेऊन झोपतो.

माझ्या आईसाठी मी शेजारच्या सुताराच्या नजरेखाली सागाची साधी काठी केली. आयुष्यात हाताने केलेली माझी पहिली वस्तू. मूठ जरा वाकडी आहे. वर्षातून दोनदा तिचे माप पुन्हा घेतो, कारण वयाबरोबर माणूस बुटका होत जातो आणि चपलाही बदलतात. मागच्या महिन्यात थोडीशी कापली. तळाचा रबरी बूट दर महिन्याला उलटा करून पाहतो. त्याच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की तो ओल्या लादीवर सरकतो, मग बदलतो. औषधांच्या दुकानात मिळतो, काठी बरोबर घेऊन जा म्हणजे जाडी जुळते.

पितळी मुठीची ती शिसवीची काठी आईने टाकू दिली नाही. सकाळी पूजेसाठी जास्वंदीची उंच फांदी खाली ओढायला ती वापरते. त्या कामाला तिची लांबी बरोबर आहे, असे ती म्हणते.